प्रताप नगरातली बुजवलेली कमान

मित्रांनो, मी प्रताप नगरातल्या एका सोसायटीची जुनी गुलाबी कमान आहे. १९८३ साली मला बांधलं, तेव्हा डब्यासारख्या चौकोनी इमारती बघून लोक कंटाळले होते. चारुशीलाबाई नावाच्या आर्किटेक्टने शहराच्या जुन्या महाल भागातल्या दरवाजांसारखा माझा आकार काढला. दोन्ही अंगांना गोल खांब दिले. त्यांच्यावर कशाचाच भार नव्हता, ते नुसते शोभेचे. पण मधली वाट खरी होती. मागच्या वस्तीतली माणसं पूर्वीपासून तिथूनच सडकेवर येत. ती वाट राहावी म्हणूनच बाईंनी तिथे कमान ठेवली होती.

माझ्या विटा त्याच वस्तीतल्या तुळसाबाईने डोक्यावरून वाहिल्या.

लोक राहायला आले. माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. मग चोरांची भीती सांगून सेक्रेटरी बाबारावांनी माझी वाट विटांनी बुजवली आणि वरून गुलाबी रंग दिला. पाहुणे म्हणत, "वा, अगदी खरा दरवाजा वाटतो!" ते ऐकून मी फुलून जायची. आज त्याचीच मला लाज वाटते.

एका मे महिन्यात भर दुपारी तुळसाबाई पलीकडून माझ्या विटांवर हात आपटू लागली. तिच्या नवऱ्याला, मार्तंडला, ऊन लागलं होतं आणि डॉक्टर आमच्याच तळमजल्यावर राहत.

"बाबारावजी, डॉक्टरसाहेबाले धाडा ना जी! माहा माणूस बोलत नाही!"

"झोपले हाय ते," बाबाराव अंगणातूनच म्हणाले. "नाल्याकडून फिरून आण वं त्याले."

वस्तीतल्या लोकांनी मार्तंडला खाटेवर घालून नाल्याच्या वळशाने आणलं. तो वाटेतच गेला होता.

काही दिवसांनी बाबाराव स्वतः लोखंडी सब्बल घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. घामाघूम होईपर्यंत त्यांनी एकेक वीट पाडली. पलीकडे तुळसाबाई उभी होती.

"ये वं बाई, मोकळं केलं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"तवा काहून नाही केलं गा?"

बाबाराव वाकून पडलेल्या विटा बाजूला करू लागले. तुळसाबाई वळली आणि नाल्याच्या बाजूने गेली. वस्तीतली पोरं आता माझ्यातून शाळेत जातात. तुळसाबाई मात्र अजून फिरूनच जाते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी घरं बांधेल. तिथून आधी कोण ये-जा करतं, ते विचारा. आणि कुणाची वाट बंद करायचं ठरलं, तर त्याच दिवशी बोला. मला ते जमलं नाही, तुम्हाला जमेल.