मफलर काही संपेना

शाळा सोडून तीन वर्षं झाली तरी सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’च म्हणत. एकवीस वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढली की माणसाला एक खोड लागते: उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्नच तेवढे विचारायचे. या खोडीपायी मोठ्या बाईंचा एक अख्खा महिना लोकरीत गेला.

सुरुवात नणंदेने केली. ती विणकामात पटाईत. महिनाभर लेकीकडे जायला निघाली, तेव्हा बॅग भरता भरता तिने वहिनीच्या हातात दोन सुया आणि राखाडी लोकरीचे गुंडे ठेवले. चाळीस टाके घालून दिले, ओळ कशी विणायची ते दाखवलं आणि म्हणाली, “दादाला मफलर करा. पुरेसा झाला की फोन करा, टाके बंद कसे करायचे ते सांगते.”

“त्यात काय सांगायचंय, वन्सं? कळेल माझं मला.”

नणंदेने भुवया उडवल्या आणि ती गेली.

दहा दिवसांत मफलर पुरेसा झाला. नवऱ्याने गळ्याभोवती गुंडाळून आरशात पाहिलं. “झाला की!”

“नाही झाला.”

“अगं, दोन वेढे बसतायत.”

“थंडी वाढणार आहे,” म्हणून मोठ्या बाईंनी तो काढून घेतला. खरं म्हणजे सुई ओढली की टाके सुटणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी गुपचूप मोबाइलवर व्हिडिओ लावला. पण त्यातल्या बाईचे हात इतके भरभर चालत, की यांना चष्मा सापडेपर्यंत तिचा स्वेटर तयार. आणि नणंदेला फोन? जीव गेला तरी नाही! मग एकच मार्ग उरला: लोकर संपली की आणखी आणायची आणि विणत राहायचं.

त्याच महिन्यात त्यांनी दोन मैत्रिणींबरोबर दर बुधवारी फिरायला जायचं ठरवलं होतं. एक सिस्टर. जन्म ऑपरेशन थिएटरात गेलेला, आता भरतकाम करायची. तिने भरलेलं फूल बघून जखम छान भरून आल्यासारखं वाटे. दुसरी ग्रंथपाल. ती सुईला हात लावायची नाही, पण दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. तिघींचा जन्म याच गावात गेला आणि गावातलं काही म्हणजे काही पाहिलेलं नव्हतं.

संग्रहालयात पहारेकऱ्याने अडवलं. “टोकदार वस्तू आत न्यायची नाही.”

“सुया काढल्या तर टाके निसटतील!”

पहारेकरी भला माणूस. दीड तास तो विणकाम दोन्ही हातांवर तान्ह्या बाळासारखं धरून दारात उभा होता. परत देताना म्हणाला, “बाई, कुणासाठी आहे? जिराफासाठी?”

पुढच्या बुधवारी बागेत मफलर बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. चौथ्या बुधवारी त्या तळ्यावर गेल्या तेव्हा तो पिशवीत मावेना.

वल्ह्यांची छोटी नाव भाड्याने घेतली. सिस्टर वल्हवत होती, ग्रंथपाल “पोहण्यास सक्त मनाई” वाचत होती, मोठ्या बाई विणत होत्या. एवढ्यात सिस्टरची भरतकामाची रिंग मांडीवरून घसरून पाण्यात पडली. ती पकडायला सिस्टर वाकली. रिंग सापडली, एक वल्हं मात्र गेलं. उरलेल्या वल्ह्याने नाव जागच्या जागी गरगर फिरू लागली. धक्का आठ-दहा हातांवर, पण नाव काही तिकडे वळेना.

“दोर फेका!” धक्क्यावरून नावाडी ओरडला.

“दोर नाही!” ग्रंथपाल ओरडली, आणि दोघींनी एकदमच मफलरकडे पाहिलं.

“अजिबात नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

सिस्टरने एव्हाना मफलरच्या टोकाला पाण्याची बाटली बांधली होती, तीही जखमेला पट्टी बांधावी तशी घट्ट. दुसऱ्या प्रयत्नात बाटली धक्क्यावर पोचली. नावाडी ओढू लागला. मोठ्या बाईंनी सुयांकडचं टोक मनगटाला गुंडाळून छातीशी धरलं. मफलर ताणत गेला, ताणत गेला, आणि नाव धक्क्याला लागली.

“मजबूत काम आहे,” नावाडी मफलर पिळत म्हणाला. “पण एवढा लांब कशाला हो?”

“कारण मला तो बंद करता येत नाही!” मोठ्या बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की तळ्यावरची बदकं उडाली.

दोन्ही मैत्रिणी पोट धरून हसल्या. सिस्टर डोळे पुसत म्हणाली, “अगं, मग नणंदेला विचारायचं!”

संध्याकाळी मोठ्या बाईंनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“वन्सं, टाके बंद कसे करतात?”

 पलीकडून नणंदेचा आवाज आला, जरा ओलसर. “सव्वीस दिवस फोन उशाशी घेऊन बसलेय मी, वहिनी. लेक-जावई कामावर, मुलं शाळेत. दिवसभर भिंतींशी बोलायचं. वाटलं, आठवड्यात तुमचा फोन येईल. म्हणून तर बंद करायचं दाखवलं नव्हतं.”

मोठ्या बाईंनी सुया हातात घेतल्या. मग त्या म्हणाल्या, “सांगा. सावकाश सांगा.”

नवऱ्याने त्यांच्या कानाला फोन धरला. दोन टाके विणा, मागचा पुढच्यावरून उचलून टाका. पुन्हा एक विणा. चाळीस टाक्यांना दीड तास लागला, कारण प्रत्येक टाक्यामागे एक गोष्ट होती: जावयाचं घोरणं, शेजारणीचा कुत्रा, नातीचा पडलेला दात. नवऱ्याचा हात भरून आला, पण सांगतो कुणाला!

नणंद दोन दिवस आधीच परत आली. सामान दारात ठेवून तिने मफलर जमिनीवर अंथरला आणि गुडघ्यांवर रांगत एका टोकापासून चुका मोजू लागली. सदतिसाव्या चुकीला मोठ्या बाई चष्मा लावून तिच्या शेजारी बसल्या.

“थांबा वन्सं,” त्या म्हणाल्या. “ही चूक कशी झाली? मला ठाऊक नाही, दाखवा.”