उजवी काच, डावी काच

छापखान्याच्या मालकांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. चष्मेवाली बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ती आवळत होती आणि मालक काउंटरवर कोपर टेकून गप्पा मारत होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की प्रुफं तपासणाऱ्या बाईंनी काम सोडलं. तीस वर्षांत एक वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. आता डोळेच साथ देत नाहीत म्हणतात. शेवटचा गठ्ठा तर न उघडताच परत पाठवला.

स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि तिच्या अंगठ्यात रुतला.

"जपून, ताई," मालक म्हणाले.

ते गेल्यावर तिने खालचा खण उघडला. तो कागद शोधावा लागला नाही. चार महिने तो तळाशी कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्या हातचं कामाचं कार्ड, एकाला एक टाचलेलं. उजव्या डोळ्याचा नंबर तिने डाव्याच्या रकान्यात उतरवला होता, डाव्याचा उजव्यात. बाईंच्या जुन्याच फ्रेममध्ये तशाच काचा बसवून दिल्या होत्या.

हे लक्षात आलं तेव्हा तिने कागद खणाच्या तळाशी सरकवला होता. दुकान उघडून जेमतेम दोन महिने झालेले. अकरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्यावर तिने हे धाडस केलं होतं, आणि थोरल्या जाऊबाईंपासून घरातल्या सगळ्यांनी एकच विचारलं होतं, तुला एकटीला झेपेल का? बाई तक्रार घेऊन आल्या की निमूट काचा बदलून द्यायच्या, असं तिने ठरवलं. बाई आल्याच नाहीत. घेतलं असेल चालवून, अशी तिने मनाची समजूत घातली. मात्र तेव्हापासून ती प्रत्येक चष्मा तीन-तीनदा तपासायची आणि जरा अवघड नंबर आला की गिऱ्हाइकाला मोठ्या दुकानाकडे धाडायची.

तिने शटर ओढलं.

बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. दार उघडताना त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं. आत रेडिओ चालू होता. टेबलावर एकही कागद नव्हता आणि चष्मा खिडकीत पडला होता. तिने विचारायच्या आधीच बाई सांगू लागल्या. त्यांच्या आईचंही साठीनंतर असंच झालं होतं. आधी अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, मग सगळंच गेलं. त्यामुळे या वेळी त्या काय ते समजून चुकल्या. डॉक्टरांकडे जाऊन वेगळं काय ऐकायचं होतं?

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, बाई," चष्मेवाली म्हणाली. "काचांची अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

बाई खुर्चीचा हात चाचपत खाली बसल्या. त्यांनी तोंडावर हात धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसताहेत की रडताहेत, तिला कळेना.

"म्हणजे आईसारखं नाही."

"नाही."

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

आजच, असं म्हटलं असतं तर बाईंनी तिला पोटाशी धरलं असतं.

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

बाईंनी हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"चार महिने मी घरात डोळे मिटून चालायचा सराव करतेय," त्या म्हणाल्या. "न्हाणीघर ते स्वयंपाकघर. पावलं मोजून."

चष्मेवालीने खिडकीतला चष्मा उचलला आणि आत्ताच दुकानात येऊन काचा बदलून घ्या म्हणाली.

बाई तिच्याबरोबर दुकानात आल्या, पण जिना उतरताना त्यांनी तिचा हात धरला नाही, कठडा धरला. मग यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. एरवी कुणी बघत असलं की काच कापताना चष्मेवाली पुन्हा पुन्हा थांबून माप पाहायची. आज ती एकदाही थांबली नाही. ज्याची भीती बाळगली होती ते होऊन गेलं होतं.

बाईंनी चष्मा लावला, आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आभार मानले नाहीत.

"छापखान्याला चिठ्ठी द्या," त्या म्हणाल्या. "डोळे गेले असं मी त्यांना सांगून बसलेय. खरं काय ते तुमच्या सहीने जाऊ दे."

मालकांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं. चष्मेवालीने दुकानाचं नाव छापलेला कागद ओढला आणि लिहिलं, की बाईंची नजर उत्तम आहे. दुकानाकडून काचा चुकीच्या बाजूंना बसल्या व अनवधानाने चार महिने तशाच राहिल्या.

बाईंनी कागद वाचला. एक वेलांटी दुरुस्त केली. मग पेनचं टोक 'अनवधानाने'वर येऊन थांबलं. त्यांनी तो शब्द खोडला, समासात खूण केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

चष्मेवालीने दुसरा कागद घेतला. या खेपेस वाक्य 'मी'पासून सुरू झालं.