चुन्याखालची तुळई

मित्रांनो, भिंगारच्या जुन्या बाजारात दोन दुकानांच्या मध्ये अंग चोरून उभे असलेले घर म्हणजे मी. रुंदीला जेमतेम दहा हात. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. खाली काळा घडीव दगड, वर विटा, डोक्यावर मातीचे माळवद. माझे खांब आणि तुळया सागाच्या आहेत. रस्त्यावर डोकावणारा कोरीव सज्जा ज्या सुताराने घडवला, त्याचे नाव आता कोणालाच ठाऊक नाही.

तीस वर्षे माझ्यात बन्सी शिंपी राहिले. छावणीतल्या जवानांचे गणवेश ते सज्ज्यात बसून शिवत. येणारा आधी वर बघून माझे कौतुक करी, मग आत येऊन माप देई. त्यांची पत्नी छबूबाई दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती पसरून ती धुमसाने ठोकून घट्ट करायची. पुढे बन्सींची नजर अधू झाली, शिलाई मशीन बंद पडले, आणि छबूबाईचे गुडघे जिना चढेनात. माळवदावर माती पडायची थांबली. मधल्या खोलीत पाणी ठिबकू लागले आणि भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजले.

बहात्तर साली पाऊसच झाला नाही. ओल वाळून गेली, डाग तेवढा राहिला. मला विकून कोल्हारला लेकीकडे जायचे ठरले तेव्हा बन्सींनी हाताने चाचपत त्या डागावर आणि तुळईवर चुना फासला. दुष्काळात माळवद कुठे गळते, हे कोणाला दिसणार?

गिऱ्हाइके दोन आली. आसाराम हे लाकडाचे व्यापारी. मला पाडून ते साग आणि दगड नेणार होते. त्यांनी माझ्या खांबांवर गेरूने आकडेही टाकले. दुसरे सहादेव. मूळचे पाथर्डीकडचे, लष्करी डेपोत भांडारावर कामाला, आणि बायको पुष्पावती व दोन मुलींसह केडगावात एका खोलीत भाड्याने राहणारे. पुष्पावती सज्ज्यात जाऊन उभी राहिली ती तिथून हलेना. बन्सींनाही मी उभे राहावे असेच वाटत होते. त्यांनी सहादेवांना होकार दिला.

विसार द्यायला सहादेव आणि पुष्पावती मधल्या खोलीत बसले. चहा झाला. तेव्हा कपबशा गोळा करता करता छबूबाई थांबली.

"दादा, वरचा तो दोन तुळयांमधला खण चुन्यानं झाकलाय. तिथं गळतंय. तुळईचं टोक कुजलं हाय."

सहादेवांनी मान वर करून पाहिले. मग विसाराचे पाकीट पुन्हा खिशात घातले, विचार करून सांगतो म्हणाले आणि बायकोला घेऊन निघून गेले.

बन्सी म्हणाले, "आता आसाराम पाडंल हे घर. तुला कळत न्हाई का?"

"कळतंय. पर त्या बाईच्या पोरी त्या तुळईखाली निजतील."

दोन दिवस बन्सी तिच्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत आसारामांनी पहारीही आणून ओसरीत ठेवल्या. मी माझे संपले असे धरून चालले होते, आणि तरीही मला छबूबाईचा राग आला नाही. माझे दुखणे इतक्या वर्षांत प्रथमच कोणी मोठ्याने बोलले होते.

तिसऱ्या दिवशी पुष्पावती नवऱ्याला आणि एका सुताराला घेऊन आली. सुताराने चुना खरवडला, पटाशी खुपसून पाहिली. कूज हातभरच होती. टोकाखाली एक खांब दिला तर तुळई तगेल, असे तो म्हणाला. सहादेव तरीही घुटमळत होते. एवढे एक निघाले, आणखी काय काय निघेल, असे त्यांना वाटत होते.

पुष्पावती म्हणाली, "जिनं हे सांगितलं, ती बाकीचं कशाला लपवंल? आपन हेच घेऊ."

व्यवहार झाला. आसाराम पहारी घेऊन गेले. निघताना बन्सींनी सहादेवांना स्वतः जिन्याने वर नेले आणि माळवदाचे कच्चे कोपरे पायाने दाबून दाखवले. खाली आल्यावर त्यांनी छबूबाईचा हात धरला आणि दोघे कोल्हारच्या गाडीला गेले. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिले की नाही, ते मला सांगता येणार नाही. दार तोवर लावले होते.

नवा खांब बाभळीचा आला. सागाच्या रांगेत तो वेगळा दिसतो. पाहुणे विचारतात तेव्हा पुष्पावती सगळे सांगते, काय कुजले होते आणि कोणी दाखवले ते.

मित्रांनो, जुन्या घराला वर्षाकाठी चार पाट्या माती पुरते. तेवढी द्या. आणि कधी ते दुसऱ्याच्या हाती सोपवायची वेळ आली, तर किल्लीबरोबर त्याची दुखणीही सांगा. बाभळीच्या त्या खांबाने मला कमीपणा आला नाही. त्याच्याखाली आज दोन मुली निजतात.