बुरजाचा अकरावा नियम

ऋषिराजला हौस दांडगी. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले होते, त्याचं त्याला काही नव्हतं. पण दारूगोळ्याच्या जमान्यातला एक पटावरचा खेळ आपण काढायचाच, हे त्यानं शहाण्णवच्या गणपतीत ठरवलं आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत प्लायवूडचा पट येऊन पडला. नियम ऋषिराजचे, सोंगट्या प्रबुद्धच्या. प्रबुद्ध म्हसवडचा, त्याचा खोलीतला जोडीदार. एम-सीलच्या गोळ्यातून तो बोटाएवढा माणूस असा घडवायचा, की त्याच्या खांद्यावरची ठासणीची बंदूकसुद्धा ओळखू यावी. तोफा, गोलंदाज, अमावास्येच्या फेरीला उठणारं वेताळाचं सैन्य, सगळं त्याच्या हातचं. बढाई मारायचं काम तेवढं ऋषिराजकडं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पहिला डाव मांडायला दोघं कोरेगावला ऋषिराजच्या घरी आले. चुलते भाऊसो फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. पुढच्या सोप्यात मांडलेला पट बघून ते खूश झाले.

"लय भारी रं! तोफखाना तर अस्सल हाय."

पुतण्या लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढला. नियमांची वही काढून मोठ्यानं वाचायला लागला.

"नियम अकरावा. बुरूज तीनदा ढासळला, तर पायात एक येसकर जिवंत गाडावा. मग तो बुरूज तोफेलाही पडत नाही."

हा नियम त्यानं येताना एसटीत लिहिलेला, म्हणून प्रबुद्धही तो पहिल्यांदाच ऐकत होता. येसकर म्हणजे वेशीवर राखण करणारा. खेळातली सगळ्यात हलकी, एका गुणाची सोंगटी. गावोगाव ते काम प्रबुद्धच्याच वाडवडिलांच्या वाट्याला आलेलं. ऋषिराजला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं विचार केला नव्हता, एवढंच. त्याच्या घराण्यात तशी गरजच कुणाला पडली नव्हती.

भाऊसो मांडीवर थाप मारून हसले. "आपल्या गढीची गोष्ट घातलीस व्हय! आमचा आज्जा सांगायचा."

"आमच्या गावच्या बुरजातबी हायती," प्रबुद्ध म्हणाला. "आमच्याच घरातली माणसं. तुमच्यात गोष्ट सांगत्यात, आमच्यात नावं सांगत्यात."

आणि त्यानं ती सांगितली. भाऊसोंचं हसू तिथंच विरलं. ऋषिराजचे कान लाजेनं तापले.

"खोडतो मी हा नियम," तो कसाबसा म्हणाला.

"खोडू नगंस. गाडलं ते खरंच हाय. तितं फक्त नावं लिव्ह. आत्ता, हितंच."

काम सोपं होतं. पेन खिशालाच होतं. पण ऋषिराजनं आधी चुलत्याकडं बघितलं. भाऊसो तोंड वळवून सुपारी कातरत होते.

"खेळात कशाला असलं," ते म्हणाले. "सणासुदीचं."

"सांगलीला गेल्यावर लिहितो," ऋषिराज हळूच म्हणाला. "सवडीनं."

"बरं," प्रबुद्ध म्हणाला.

मग डाव झाला. प्रबुद्धचा बुरूज तीनदा ढासळला. त्यानं कुणालाही गाडलं नाही, आणि तो हरला. काकूनं चकल्या आणून ठेवल्या, प्रबुद्धनं त्या चांगल्या झाल्यात म्हणून सांगितलं. कुणी कुणाला वावगं बोललं नाही, आणि ऋषिराजला तेच जास्त लागलं. चारचौघांत मैलभर चालणारी आपली जीभ चुलत्यापुढं टाळ्याला चिकटली, हे त्याला सुट्टीभर गिळता येईना. आपण भित्रे आहोत हे विसाव्या वर्षी कळणं काही सुखाचं नसतं.

सांगलीला परतल्यावर त्यानं बॅग ठेवली आणि पहिली वही उघडली. आता इथं ना चुलता, ना घर. अकराव्या नियमाखाली चांगली ऐसपैस जागा होती. त्यानं पेन टेकवलं, आणि ते तिथंच थांबलं.

नाव आठवेना.

त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. सोपा आठवला, सुपारी आठवली, भाऊसोंच्या कपाळावरची आठी आठवली. प्रबुद्ध नावं सांगत होता तेव्हा याचं सगळं लक्ष चुलत्याच्या तोंडाकडं होतं.

प्रबुद्ध समोरच्या खाटेवर वाचत बसला होता. ऋषिराजला मान वर करवेना. शेवटी वहीकडंच बघत त्यानं विचारलं, "गड्या, नाव काय म्हणाला होतास?"

प्रबुद्धनं पुस्तक मिटलं.

"जोतिबा," तो म्हणाला. "आन् त्याची बायको, चंद्राबाई. तवाबी दोघांची सांगितली हुती."