दुसऱ्या बाजूचे आटे

"थांब, फिरवू नको," गुरप्पा म्हणाला आणि आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात उलट्या ठेवलेल्या सायकलच्या मागच्या चाकावर वाकला. रॉकेलची चिंधी घेऊन त्यानं चाकाचा हब, आऱ्या जिथं जुळतात तो मधला तुंबा, घासायला घेतला. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि सोलापूरची धूळ एकजीव होऊन तिथं दगड झाला होता. तो सुटला आणि गुरप्पाचा चेहरा उजळला.

"काय घावलं?" कुंडलिकनं विचारलं.

"आटे. ह्या अंगालाबी आटे पाडल्यात. चाकाला दोन्हीकडनं सोय हाय की रं, आन् तू जन्मभर एकाच बाजूनं हाकलीस."

कुंडलिक तार खात्यातला शिपाई. शहरभर तारा वाटायचा. मूळचा करमाळ्याकडचा, पण आता अंगातलं पाणी नव्या पेठेचं. त्याची सायकल एका गिरणीतल्या विलायती विणाई मास्तरची. मायदेशी परतताना गोऱ्यानं ती विकली आणि तरण्या कुंडलिकनं हौसेनं घेतली. नाव केव्हाच खरवडून गेलं होतं, वर रंगाचे थर चढले होते. पण बारीक नळ्या आणि पुढचं चाक धरणारा झुकलेला चिमटा पाहून गुरप्पा नेहमी म्हणायचा, की ही शर्यतीची घोडी आहे, तारा वाटायला जुंपलीय बिचारी.

त्या घोडीची एक खोड होती. चाक फिरलं की पायडल फिरणारच. उतारावरसुद्धा पायांना विसावा नाही. थांबायचं तर पाय उलटे दाबायचे, ब्रेक म्हणून नव्हताच. तरुणपणी कुंडलिक त्याचीच मिजास करायचा. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि तारा उशिरा पोचत होत्या. हापिसातल्या साहेबानं स्पष्टच सांगितलं होतं, असंच चाललं तर तुझ्या जागी तरणा माणूस घ्यावा लागेल. नोकरी गेली तर खायचं काय, हे कुंडलिक बोलत नव्हता, पण गुरप्पाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

म्हणून गुरप्पानं चाक काढून उलटं बसवलं आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांवर फ्रीव्हील चढवलं, म्हणजे पाय थांबले तरी चाक चालत राहणार. पुढं हातानं दाबायचा ब्रेक बसवला. मागच्या ब्रेकला त्या सांगाड्यात जागाच नव्हती.

"आता पाय उलटं दाबायचं इसरायचं. हातानं थांबायचं. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"मी काय कुक्कुलं बाळ हाय का? एकडाव सांगितलं की झालं."

गुरप्पालाही तसंच वाटलं. कुंडलिकनं गल्लीत एक फेरी मारली, पाय स्थिर ठेवून, दात काढत. "पायांस्नी सुट्टी गावली रं!" गुरप्पाला इतका आनंद झाला, की त्यानं घरी बायकोला, नागव्वाला, ती गोष्ट दोनदा सांगितली.

आठवडाही झाला नव्हता. वेशीजवळच्या उतारावर कापसाच्या गठ्ठ्यांची बैलगाडी आडवी आली आणि कुंडलिक सरळ तिच्या चाकात गेला. उजवा गुडघा फुटला.

दवाखान्यात गुरप्पा खाटेशी बसला, तेव्हा कुंडलिक छताकडं बघत होता.

"गाडी लांबनं दिसली हुती. तुजं समदं बोलनं डोस्क्यात हुतं. पन पायांनी ऐकलं न्हाय. त्येंनी मागं दाबलं, आन् पायडल फुकट फिरलं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे पोराटोरांना ठाऊक; आणि त्याला, सायकलीत जन्म घालवलेल्याला, ते सुचू नये? डोक्याला सांगून तो मोकळा झाला होता. पायांना शिकवायला हवं होतं.

"सारजाला म्या बैल बुजला म्हनून सांगितलंय," कुंडलिक हळूच म्हणाला. "तूबी त्येच म्हन. ती तुला भाऊ मानती."

तेवढ्यात त्याची बायको सारजाबाई भाकरी घेऊन आली. "अण्णा, तुमी सायकल कशी झ्याक करून दिली हुती. त्या मेल्या बैलाला तवाच बुजायचं हुतं."

गुरप्पानं मान हलवली. एवढंच केलं त्यानं, पण ती मान त्याला पुढं कित्येक दिवस उचलता आली नाही.

नोकरी गेली. कुंडलिकचा पाय काठीसारखा ताठ राहिला. सारजाबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात जायला लागली. गुरप्पानं फ्रीव्हील बसवणंच बंद केलं. गिऱ्हाइकं परत जात, नागव्वा चिडे, आणि दुकानाच्या फळीवर बसलेला कुंडलिक सगळं गुमान बघे.

एका संध्याकाळी शाळेतला शिपाई मानसिंग आला. त्याचीही सायकल जुन्या तऱ्हेची, सतत पाय फिरवायला लावणारी. त्याला फ्रीव्हील हवं होतं.

"आमी बसवत न्हाय," गुरप्पा तुटकपणे म्हणाला.

"बसव," फळीवरून कुंडलिक म्हणाला.

"तू गप बस."

"बसव म्हन्तो न्हवं. हात गेलाय का तुजा?"

गुरप्पानं पाना उचलला. गिरणी सुटली होती. नवऱ्याला घरी न्यायला आलेली सारजाबाई दारात येऊन उभी राहिली, केसांत कापसाची पिसं अडकलेली. कुंडलिकची तिच्याकडं पाठ होती. तो मानसिंगला सांगत होता, "रस्त्यावर घालायची न्हाय. आदी किल्ल्याजवळच्या मैदानात रोज फिरायचं. मी येतो संगं. हे पाय लवकर ऐकत न्हाईत बाबा. माझं ऐकलं न्हाय, म्हून तर गाडीच्या चाकात गेलो."

गुरप्पाचा पाना शेवटच्या नटावर थांबला. मानसिंग सायकल घेऊन बाहेर पडला, मागून काठी टेकत कुंडलिक. सारजाबाईपाशी तो क्षणभर थबकला, खाली मान घातली आणि पुढं गेला.

"म्हंजे बैल..." ती म्हणाली.

"न्हाय बुजला, वयनी." गुरप्पानं पाना खाली ठेवला. "म्या शिकवायला पायजे हुतं. शिकवलं न्हाय. आन् तुमच्याफुडं मान हलवली."

त्याला वाटलं, तिनं शिव्या घालाव्यात. पण तिनं फळीवर टेकून प्यायला पाणी मागितलं. तिनं अर्धं पाणी प्यायलं, उरलेल्यानं तोंड धुतलं आणि पदर सावरला.

"माजं रडून आटपलंय, अण्णा. आता तुमच्यावर रागवायचं का न्हाय, त्ये मला ठरवू द्या," ती म्हणाली आणि मैदानाकडं निघाली.

गुरप्पा दुकान उघडं टाकून थोड्या अंतरानं मागं गेला. मैदानाच्या कडेला तो थांबला, पुढं जायचं त्याला धाडस झालं नाही. उजेड उतरला होता. मानसिंग गोल गोल फिरत होता. एका हातानं सीट धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन कुंडलिक त्याच्यामागं ताठ पाय फेकत घाईनं चालत होता, आणि सारजाबाई दुसऱ्या अंगानं, नवऱ्याच्या दंडाला हात न लावता पण अगदी लगत, त्याच्या चालीनं चालत होती.