फळ्यावर लिहिलं होतं, भगवान येणार

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा बुलढाण्यात घरोघरी पेढे वाटले. आमच्या माळीपुऱ्यानेही वाटले, आणि त्यातून जो उत्साह उरला त्याचं मोहल्ला मंडळ काढलं. मंडळाला ना जागा, ना खुर्ची. होता फक्त चौकातल्या लिंबाला टांगलेला एक काळा फळा, शाळेने टाकून दिलेला, एका कोपऱ्यात फुटलेला. त्यावर रोज सकाळी मोहल्ल्याच्या बातम्या लिहायचं काम अध्यक्षांचं. अध्यक्ष म्हणजे आमचे हे. मी त्यांचं नाव घेत नाही. फळ्याच्या तळाशी ते स्वतःच मोठ्या झोकात लिहायचे, ‘अध्यक्ष, उकंडराव.’

नावामागे गोष्ट आहे. माझ्या सासूबाईंची आधीची लेकरं जगली नाहीत. म्हणून हे झाले तेव्हा त्यांना जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं, म्हणजे मरणाला वाटावं की कुणीतरी टाकून दिलेलं पोर आहे. हे जगले. तेव्हापासून मरणाला फसवता येतं यावर ह्यांचा पक्का विश्वास, आणि ते काम आपल्याइतकं कुणाला जमत नाही यावर त्याहून पक्का.

फळ्यावर काय वाटेल ते असायचं. नळ उद्या सकाळी येईल. भगवंतरावांना नात झाली, अभिनंदन. सिंधूताईंची म्हैस सापडली. पारावर भांडी घासणाऱ्यांनी लाज बाळगावी. ही शेवटची माझ्यासाठी असायची. मयत झाली की मात्र सगळा फळा पुसून एकच नाव लिहायचे, आणि त्या घरून मयत निघेपर्यंत मोहल्ल्यात कुणाची चूल पेटत नसे. ही रीत चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण ज्या मोहल्ल्यात सगळ्यांच्या चुली एकदम विझतात, तिथे कुणाचं दुःख त्याचं एकट्याचं राहत नाही. जो तो त्यात हात घालतो.

नळासमोरचं घर मनकर्णाबाईचं. नवरा गेलेला, घरामागे चार वाफे, त्यात मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. एकच मुलगा, भगवान. त्याचं दुसरबीडला किराणा दुकान होतं. बाप गेल्यावर तो आईला न्यायला आला होता. तिने गाठोडं बांधलंही होतं. पण गाठोडं ओट्यावर आलं आणि सगळा मोहल्ला गोळा झाला. मोहल्ल्यातल्या थोरल्या सुभद्राबाई म्हणाल्या, “आमी मेलो काय व, लेकाच्या दारी जाऊन राह्याले?” आमच्या ह्यांना तर भाषणाची संधीच मिळाली. मनकर्णाबाई साऱ्या मोहल्ल्याची माय हाय, आमी तिले कुठी जाऊ देनार नाई, वगैरे. बिचारीने सगळ्यांकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि गाठोडं परत आत नेलं. भगवान एवढंच बोलला, “ठेवा मंग मोहल्ल्यानंच.” त्यानंतर तो आला नाही. ती त्याच्याबद्दल कुणाजवळ बोलत नसे. फक्त दुसरबीडवरून येणारी सिंदखेडकडची यष्टी यायच्या वेळी तिला दारात काहीतरी निवडत बसायचं काम निघायचं.

त्या सकाळी आम्ही सगळ्या नळावर होतो. मनकर्णाबाई मेथीच्या जुड्या धूत खाली वाकली होती. लिंबावरून एक कावळा उतरला आणि सरळ तिच्या डोक्यावर बसला. झडप घालून उडाला असता तर गोष्ट वेगळी; हा बसला, पंजे रोवून बसला. तिने हात उचलेपर्यंत हलला नाही. बादल्या भरून वाहत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण जवळ आलं, हे आमच्याकडे लेकराबाळांनाही माहीत.

सुभद्राबाईंनी लगेच उपाय सांगितला. उपाय जुनाच आहे. ज्याच्यावर कावळा बसला त्याच्या रक्ताच्या माणसाला सांगावा धाडायचा, की तो मेला. रक्ताचं माणूस रडलं, खरे आसू पडले, की मरणाचं देणं फिटलं. मग तिथल्या तिथे खरं सांगायचं, गूळ तोंडात घालायचा, आणि सगळ्यांनी हसायचं.

“आसू पडल्याबरोबर खरं सांगाचं,” सुभद्राबाईंनी बजावलं. “उशीर नाई कराचा.”

“मले नाई कराचं असं काई,” मनकर्णाबाई म्हणाली. “म्हातारी झालो. बसला त बसला कावळा.”

“तुले रक्ताचं हायच कोन? भगवानच ना?” सुभद्राबाई म्हणाल्या.

ते नाव निघालं. ओल्या मेथीची जुडी मनकर्णाबाईने उगाच दोनदा झटकली. मग म्हणाली, “बरं. तुमी म्हनता त धाडा.” मी तिच्या शेजारीच उभी होते. तिला मरणाची भीती वाटली नव्हती. आई गेली ऐकून लेक रडेल, आई आहे ऐकून धावत येईल, एवढाच हिशेब तिने केला होता. त्याच दुपारी तिने ओटा सारवला.

सांगावा घेऊन जाणार कोण? असल्या कामाला आमच्या घरचे अध्यक्ष सोडून दुसरं कोण सापडणार. धुतलेलं धोतर नेसून, खिशात गुळाचा खडा घेऊन ते सकाळच्या पहिल्या यष्टीने दुसरबीडला गेले.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळा मोहल्ला पारावर, आणि सगळ्यांच्या पुढे मनकर्णाबाई. ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

“रडला काय, भाऊ?” तिने विचारलं.

ह्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. “रडला,” म्हणाले. “लय रडला. हमसून हमसून रडला. अन येतो म्हने.”

“कवा?”

“येतो म्हने लवकरच.”

मनकर्णाबाईने सगळ्यांना गूळ वाटला. मग ह्यांच्याजवळ येऊन लाजत लाजत म्हणाली, “भाऊ, फळ्यावर लेहा ना. माया लेक येऊन राह्यला म्हनून.” साऱ्यांच्या बातम्या फळ्यावर लागायच्या, तिची कधी लागली नव्हती. ह्यांनी खडू घेतला आणि मधोमध लिहिलं, ‘मनकर्णाबाई यांचा मुलगा भगवान येणार.’ तिला वाचता येत नव्हतं. “यातलं भगवान कोनतं?” असं विचारून तिने त्या अक्षरांजवळ बोट नेलं, पण पुसेल म्हणून टेकवलं नाही.

नवऱ्याचं खोटं बायकोला कळायला वेळ लागत नाही. घरात आल्यावर ह्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून ठेवला, तसाच्या तसा. मी ताट वाढलं नाही. “काय झालं ते सांगा आधी.”

“तो माणूस नाई, गोटा हाय,” हे म्हणाले. “दुकानात साखर तोलत होता. म्या सांगतलं, तुयी माय गेली. डोळ्यात पाणी नाई. हातातली साखर तोलली, पुडा बांधला, गिऱ्हाइकाले देल्ला. मंग म्हने, मोहल्ल्यानं ठेवून घेतलं होतं ना तिले, मोहल्ल्यानंच उचला. अन उठून अंदर चालला गेला.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगू? आलो निघून.”

“म्हणजे खरं सांगितलंच नाही?”

“ज्याले मायचं रडू येत नाई, त्याले माय जिती हाय हे काऊन सांगाचं? जळू दे चार दिवस.”

मी कपाळावर हात मारला. ह्या माणसाने तिकडे जिवंत आईला मारून ठेवलं होतं आणि इकडे न आलेल्या लेकाला बोलावून ठेवलं होतं. उद्याच्या उद्या जा आणि खरं सांगा, म्हटलं. जातो म्हणाले. दुसऱ्या दिवशी नळाची तोटी बदलायची होती. त्यानंतर नगरपालिकेचा माणूस गटार पाहायला येणार होता. मग बारसं, मग मंडळाची सभा. अध्यक्षांवाचून मोहल्ल्याचं पान हलत नव्हतं. “तुम्ही सांगता की मी सांगू तिला?” असं मी रोज टोचायचे. पण चौकात गेले की ती सारवलेल्या ओट्यावर दिसायची, आणि माझी जीभ उचलत नसे.

बाकीच्या बातम्या रोज बदलायच्या, ती ओळ तशीच राहायची. ह्यांना ती पुसता येईना आणि तिच्याकडे पाहताही येईना. तिच्या वरून आणि खालून, जागा काढून काढून ते लिहायचे. खडू पुसट झाला की मनकर्णाबाई हाक मारायची, “भाऊ, जरा गिरवा ना.” आणि हे मुकाट्याने गिरवायचे. लेकासाठी तिने वाफ्यातली एक ओळ मेथी राखून ठेवली होती. ती जून होऊन फुलावर आली तरी तिने उपटली नाही.

शेवटी मीच ठरवलं. सुभद्राबाईंना सोबत घ्यायचं आणि दुसरबीड गाठायचं. त्या सकाळी मी भाकरी फडक्यात बांधत होते. नळावर रोजची कलकल चालू होती, ती एकदम थांबली. मी तशीच बाहेर आले.

भगवान आला होता. एकटाच. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती, आणि आईच्या बंद दाराला कपाळ टेकवून उभा होता. आमच्याकडे त्याची पाठ होती. डोकं भादरलेलं, तुळतुळीत, नवे खुंट नुकते दिसू लागलेले.

मनकर्णाबाई नळावर हंडा लावून उभी होती. तिने पाठीवरूनच त्याला ओळखलं. तोंडभर हसली, दोन पावलं धावली, आणि मग तिला ते डोकं दिसलं. तिचं हसू तिथेच गेलं. जवळ जाऊन तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“कोन गेलं रे, बाबू?” ती कळवळून म्हणाली. “सासरा गेला काय तुया?”

तो वळला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ आहेत, उलटे नाहीत, हे पाहिलं आणि मग तो ओट्यावर खाली बसला. त्याच्या हातातली टोपी पडली. त्याची नजर फिरत फिरत फळ्यावर गेली, ती ओळ त्याने वाचली, आणि फळ्याशी खडू घेऊन उभ्या असलेल्या ह्यांच्यापाशी येऊन थांबली.

“काका,” तो म्हणाला, “काऊन केलं असं?”

“तिच्या डोक्यावर कावळा बसला होता, बाप्पा,” हे म्हणाले. “रिवाज हाय...”

“रिवाज मले माहीत हाय. रडल्यावर खरं सांगाचं असते.”

“तू रडला कुठी?”

“गिऱ्हाइकासमोर रडू काय?” भगवान म्हणाला. “अंदर गेलो होतो. भाईर आलो त तुमी नोहते.”

हे खाली बसले. मला त्यांचा राग येत होता, इतका की त्यांच्या हातातला तो खडू हिसकून नाल्यात फेकावा. आणि कीवही येत होती. पण कुणाची किती करायची, तेच कळत नव्हतं.

मनकर्णाबाई अजून समजत नव्हती. ती एकदा लेकाकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहत होती. मग भगवाननेच तिला सांगितलं, हळू आवाजात, लहान लेकराला समजावतात तसं. “दहाव्याले नदीवर पिंड ठेवले, माय. तुये. कावळा शिवेना. समद्या झाडावर कावळे, पन एक खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हने, तिचं मन कशात अटकलं ते बोल. म्या हात जोडले. म्हनलं, माय, म्या रागात बोललो. म्या तुया घरी येतो, तुया ओट्यावर बसतो. मंग शिवला. म्हनून आलो.”

मनकर्णाबाईने तोंडाला पदर लावला होता. आता तिला सगळं कळलं. ती रडेल, ह्यांना शिव्या घालेल, छाती बडवेल, असं मला वाटत होतं. तिने शिव्या घातल्या असत्या तर आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पण तिने पदर काढला आणि वाकून त्याची टोपी उचलली, झटकली.

“चाल अंदर,” ती म्हणाली. “मेथी हाय. भाकर टाकतो. जेवून जाय.”

त्याने मान हलवली. “तुयं तेरावं जेवून आलो, माय.”

तो उठला. पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. हात तसेच मागे घेतले. “मले तुयाकडे पाहवत नाई,” म्हणाला. “तुयं तोंड पाह्यलं का तो पिंड दिसते.” तिने टोपी त्याच्या हातात दिली. तो ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने यष्टी स्टँडकडे गेला, आणि या वेळी मोहल्ल्यातून कुणी एक शब्द बोललं नाही.

तो वळणाआड गेल्यावर मनकर्णाबाई फळ्याकडे आली. आमच्या ह्यांनी तिला वाट करून दिली. तिने कुणाला काही विचारलं नाही. वरची नळाची बातमी सोडून, खालची बारशाची बातमी सोडून, मधली तेवढी ओळ तिने पदराने नीट पुसली. मग ती नळावर गेली. हंडा केव्हाचा भरून वाहत होता. तो तिने डोक्यावर घेतला, घरात गेली, आणि दार लावून घेतलं.