बुटक्या काचेखालचं शहर

काल रात्रभर मला एकच घोर लागून राहिला होता. उद्या लोक मला बघतील आणि मलाच खरं समजतील.

मी नगरपालिकेच्या सभागृहात टेबलावर मांडलेली शहराची प्रतिकृती बोलतेय. ऑफिसात मला नुसतं मॉडेल म्हणतात. पुठ्ठ्याची घरं, स्पंजची झाडं, काडेपेटीएवढी शाळा. पर्यावरण आराखड्याची मी शोभा. झोप उडावी इतकं मोठं माझ्यात काही नाही, असं स्वतःला समजावून पाहिलं. जमलं नाही.

मला घडवलं नगररचना विभागातल्या कंत्राटी आरेखक बाईंनी. पाळणाघर लवकर सुटायचं, म्हणून त्यांची लेक संध्याकाळी माझ्याच टेबलाखाली बसून स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुचकळायची. माझी निम्मी झाडं तिच्या हातची आहेत, आणि ती तशी दिसतातही. बाईंनी मात्र सगळा जीव ओतला तो टेकडीत. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी मला उतार दिला. उताराच्या पायथ्याशी निळं तळं आणि तळ्यापलीकडे सखल भागातली एक गल्ली. त्या गल्लीत एक घर त्यांचं स्वतःचं. त्याला खिडकीसुद्धा कापली होती. बाकी घरांना नाही.

मग माझ्यासाठी काचेची पेटी आली. ती निघाली बुटकी. टेकडी काही आत मावेना.

नवी पेटी मागवायची तर पुन्हा निविदा काढा. विभागाचे साहेब म्हणाले, वरचे थर काढून टाका, कोणाला कळतंय. बाई चाचरत म्हणाल्या, "साहेब, उतार गेला तर पाणी कुठून येतं ते दिसणार नाही."

"बाई, सदस्यांना पाणी नाही, बाग बघायचीये."

त्यांनी सुरीने माझे थर सोलले. सोलताना मला 'सॉरी' म्हणाल्या. त्यांना ती सवयच आहे, खुर्चीला धक्का लागला तरी म्हणतात.

अशी मी सपाट झाले. आणि सपाट शहरात तळं म्हणजे उगाच सांडलेला निळा रंग. सदस्य भोवती जमले, वाकून वाकून बघितलं. माणसं मला नेहमी वरूनच बघतात, पक्ष्यांसारखी. पण पक्ष्यांना निदान तळं कशाला असतं ते ठाऊक असतं. एक सदस्य म्हणाले, हे डबकं कशाला, इथे पार्किंग घ्या, कडेला चार झाडं लावू. झालं, तळं बुजवायचं ठरलं. टेकडीचं जे पाणी तळं पोटात घेतं ते आता कुठे जाणार, हे माझ्याकडे बघून कुणालाच कळणार नव्हतं. जाणार ते खिडकीवाल्या घरात.

आज त्यावरच्या हरकतींची सुनावणी. कोणी बोललं नाही तर आराखडा मंजूर. बाई लेकीला शेवटच्या रांगेत बसवून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा असा, की घरून निघताना गॅस बंद केला का ते आठवतायत.

साहेबांनी विचारलं, कुणाची हरकत? कोणीतरी खोकलं, तेवढंच. मला वाटलं, बोला हो बाई. लगेच वाटलं, नका बोलू, नोकरी जाईल. मी ही अशी, दोन्हीकडून काळजी करणारी.

बाई पुढे आल्या. माझ्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे टेकडी होती. पेटीत मावली नाही म्हणून मी काढली. खरी टेकडी आहे तिथेच आहे. तळं बुजवलंत तर पाणी आमच्या गल्लीत येईल."

साहेब हसून म्हणाले, कर्मचाऱ्यांनी हरकत घ्यायची नसते.

"मी तळ्यापलीकडे राहते, म्हणून बोलतेय."

सभेच्या अध्यक्षांनी मान डोलावली, ती कशासाठी ते कळलं नाही, आणि पुढचा विषय पुकारला.

माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. मला बघून शहर ठरवू नका. एकदा तिथे चालत जा. उतार कुठे आहे ते पायांना कळतं.

बाई अजून माझ्याजवळच उभ्या आहेत. बोट काचेवरच आहे. लेक मागून धावत आली आणि तिने त्यांची बाही ओढली.

"आई, तू किती हळू बोललीस. मागे कुणालाच ऐकू नाही आलं. परत सांग ना."